होडीचा प्लग का जळतो

गेल्या पावसाळ्यात नाशिकमधल्या सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीनचा प्लग उघडला. एकाच पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, तांब्याच्या तारा काळ्या, स्क्रू अर्धा आटा ढिला. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा ब्रेकर, मात्र एकदाही पडली नव्हती. धक्क्याला बांधलेल्या हौशी बोटींना लागणाऱ्या कितीतरी आगी अशाच प्लगपाशी सुरू होतात.

बोटीला किनाऱ्यावरून वीज देण्याची पद्धत तशी अलीकडची. १८८० मध्ये 'कोलंबिया' जहाजावर एडिसनचे दिवे लागले, पण वीज जहाजावरच्याच डायनामोची होती. छोट्या होडीवर बॅटरीचे एखाद-दोन दिवे पुरत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या बोटी वाढल्या, त्यांत फ्रिज, चार्जर, गीझर, एसी आले आणि जेटीवरच्या खांबापासून केबल ओढली जाऊ लागली.

या केबलला अमेरिकेत जो प्लग मिळाला, तो फिरवून अडकवायचा. हार्वे हबेल तिसरे यांनी १९३८ मध्ये काढलेली ही रचना तिथे आजही सर्रास दिसते. युरोपात निळा, गोल, १६ अँपिअरचा प्लग रुळला. आपल्या अंबडच्या कारखान्यांतही तो ओळखीचा आहे. दोन्ही प्लग चांगले. पण होडी रात्रंदिवस हलते, केबलला हिसके बसतात, दमट हवेत पितळ काळवंडतं, आणि चार्जर-गीझर तासन्‌तास पूर्ण लोड खेचत राहतात.

इथलं गणित प्रत्येकाने एकदा करून बघावं. ढिल्या कॉन्टॅक्टचा रोध ०.१ ओहम धरा. १६ अँपिअरला तिथे २५.६ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लगच्या पोटात एक लहान सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू! व्होल्टेज जेमतेम १.६ ने उतरतं, दिवासुद्धा मंद होत नाही. एमसीबीला १६ अँपिअरच दिसतात, ती पडणार कशाला?

संरक्षणाचा इतिहास मात्र करंट मोजण्याचाच आहे. आधी फ्यूज, मग ब्रेकर. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र काढलं. आपली आरसीसीबी याच तत्त्वावर चालते. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत २०१७ पासून मरीनासाठी, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यांसाठी, गळतीची ३० मिलिअँपिअरची मर्यादा आली, तीही गोड्या पाण्यात गळतीच्या विजेने पोहणाऱ्यांचे जीव गेल्यावर. गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून वीज सहज वाहते. गंगापूर धरणाचं पाणी गोडंच आहे, हे आपण कायम डोक्यात ठेवायला हवं.

गळती पकडणारं हे यंत्र ढिला स्क्रू पकडत नाही. तिथे हातच लागतो. लोड चालू असताना प्लगला बाहेरून हात लावून बघायचा, कोमट लागला तरी खांबावरचा ब्रेकर पाडून मगच तो काढायचा. डागाळलेली पिन घासून परत वापरायची नाही. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे, कारण जळकं सॉकेट नवा प्लगही जाळतं. केबलचा ताण पिनेवर न येता क्लॅम्पवर यायला हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात हाऊसबोटींना आग लागली, तीन पर्यटक गेले. रांगेत बांधलेल्या बोटींत आग एकीवर थांबत नाही.

सिंहस्थ जवळ आलाय. गोदाघाटावर आणि तपोवनात तात्पुरत्या केबल पडतील, त्यांचे जोड पाण्यापासून हातभर अंतरावर असतील. पहिल्या रात्री पूर्ण लोड आल्यावर तासाभराने प्रत्येक जोडाचं तापमान बघायला एक वायरमन नेमावा, एवढी माझी कळकळीची मागणी आहे.