वाळवंटी सुवर्णशोधासाठी धातुशोधक

कोरड्या, बहुधा लोहयुक्त जमिनीच्या वरच्या थरात सुटे पडलेले सोन्याचे खडे (नगेट) हुडकण्याचे विद्युत् चुंबकीय उपकरण. बाजारात ते ‘गोल्ड डिटेक्टर’ म्हणून विकले जात असले, तरी तेवढे सोनेच ओळखणारे उपकरण अस्तित्वात नाही. वीजवाहक वस्तू जवळ आहे एवढेच ते सांगते. शिशाची गोळी आणि तेवढाच सोन्याचा खडा त्याला जवळजवळ सारखे. म्हणून जाणते शोधकरी यंत्र निवडताना आधी जमीन पाहतात. तिच्यावरून फिरवताना जे यंत्र गप्प राहते, ते तिथले चांगले यंत्र.

नदीच्या वाळूतले सोने धुऊन काढता येते. चांदा, बालाघाट भागांतील सोनझरी पिढ्यान् पिढ्या तेच करीत आले. पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी (१८९२) व कॅलगुर्ली (१८९३) येथे सोने सापडले तेव्हा पिण्यालाच पाणी नव्हते; दूरच्या धरणातून नळाने पाणी पोहोचायला १९०३ साल उजाडले. तोवर खाणकऱ्यांनी माती उंचावरून ओतून वाऱ्यावर उफणली, खळ्यावर ज्वारी उफणतात तशी. या कोरड्या उफणणीत माती उडून जाई व सोने खाली पडे. पण त्यासाठी मुळात कोठे खणायचे ते ठाऊक असावे लागे. ती उणीव धातुशोधकाने भरून काढली.

उगम : उपकरणाचे जनकत्व वादग्रस्त आहे. दोन वेटोळ्यांतील प्रवर्तनाचा (एका वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे जवळच्या वाहकात वीज उत्पन्न होण्याचा) तोल साधायचा व धातू जवळ आल्यावर तो बिघडतो हे पाहायचे, हे तत्त्व हाइन्‍रिख व्हिल्हेल्म डोव्ह यांनी १८४१ च्या सुमारास वापरले. डेव्हिड एडवर्ड ह्यूझ यांची ‘प्रवर्तन तुला’ १८७९ ची. त्याच दशकात पॅरिसचे ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी जखमेतील गोळी शोधण्याचे विजेचे साधन केले होते. परंतु त्यात सळई धातूला प्रत्यक्ष टेकवावी लागे, त्यामुळे त्याची गणना या कुळात करणे कठीण आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी ह्यूझ यांच्या तत्त्वावर शोधू पाहिली व ते अपयशी ठरले. गादीतील पोलादी तारांमुळे यंत्र फसले, असे सर्वत्र सांगितले जाते. मात्र प्रमुख डॉक्टरांच्या समजुतीनुसार शोध शरीराच्या उजव्या बाजूलाच घेतला गेला आणि गोळी होती डावीकडे. हे कारण अधिक ग्राह्य दिसते.

हातात धरून जमिनीवर फिरवण्याच्या यंत्राचे श्रेय बहुधा गेरहार्ड फिशर यांना दिले जाते (पेटंट १९३७). रेडिओच्या साहाय्याने दिशा ठरवताना खनिजयुक्त खडकांजवळ वाचन बिघडते, या निरीक्षणातून ते याकडे वळले. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील शर्ल हर यांचे पेटंट मात्र १९२८ चे आहे. कागदोपत्री अग्रमान हर यांना आणि प्रसाराचे श्रेय फिशर यांना देणे योग्य ठरेल. वाळवंटात या यंत्राचा पहिला मोठा वापर सोन्यासाठी झालाच नाही : पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांचा सुरुंगशोधक १९४२ मध्ये ईजिप्तमधील एल् अलामेनच्या लढाईत वापरला गेला.

जमिनीचा प्रश्न : पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुवर्णक्षेत्रातील लाल माती ज्या लॅटेराइटी आवरणातून आली, तो प्रकार कोकणात जांभा म्हणून परिचित आहे. त्यातील लोखंडाची ऑक्साइडे यंत्राला दोन प्रकारे फसवतात. मॅग्नेटाइटचा प्रतिसाद मोठा, पण तत्काळ व ठराविक असतो. तो विद्युत् मंडलाने वजा करता येतो. मॅगहेमाइटचे अतिसूक्ष्म कण मात्र चुंबकन आणि विचुंबकन होण्यास किंचित उशीर लावतात, आणि धातूचा संकेतही उशिरानेच येत असतो. म्हणजे तिथली माती धातूची नक्कल करते. वणव्याच्या उष्णतेने साध्या लोहखनिजाचे मॅगहेमाइट बनते, त्यामुळे जळून गेलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती यंत्र विनाकारण कुरकुरते. असेच फसवे संकेत देणाऱ्या सुट्या दगडांना शोधकरी ‘हॉट रॉक’ म्हणतात. ते तापलेले नसतात.

तिसरा शत्रू मीठ. कोरड्या खारट तळ्यांच्या काठची ओलसर माती स्वतःच वीजवाहक असते आणि पातळ सोन्यासारखा संकेत देते. लोहयुक्त जमिनीवर चोख चालणारे यंत्र इथे निकामी ठरू शकते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

दोन कुळे : पहिल्या कुळात (व्हीएलएफ, म्हणजे अतिनीच कंप्रता) प्रेषक वेटोळ्यातून अखंड लहरी सोडतात व परत आलेल्या लहरींतील कलाभेद (चढउतारांच्या वेळेतील फरक) मोजतात. कंप्रता (दर सेकंदाची कंपने) वाढवली की बारीक सोने दिसते. नाण्यांसाठीची यंत्रे ५ ते १५ किलोहर्ट्‌झच्या आसपास चालतात, तर मिनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० ची कंप्रता ४५ व फिशर गोल्ड बग २ ची ७१ किलोहर्ट्‌झ आहे. ही यंत्रे हलकी, तुलनेने स्वस्त असतात व लोखंड बरेचसे वेगळे ओळखतात. गुंजेच्या निम्म्याने भरेल असा कणही (गुंज म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम) उथळ असेल तर त्यांना सापडतो. लाल मातीत मात्र त्यांची खोली झपाट्याने घटते.

दुसरे कूळ स्पंद प्रवर्तनाचे (पीआय). वेटोळ्यात विद्युत् प्रवाहाचा स्पंद सोडून तो एकदम तोडतात. जमिनीतील धातूत भोवरा प्रवाह (धातूच्या आतच गोल फिरणारे वीजप्रवाह) निर्माण होऊन विझत जातात, आणि ते विझतानाच ऐकायचे असते. बारीक खड्यातील प्रवाह काही मायक्रोसेकंदांत संपतो, मोठ्यातील शेकडो मायक्रोसेकंद टिकू शकतो. मातीचा संकेत वेगळ्या, ठराविक रीतीने ओसरत असल्याने दोन क्षणी नमुने घेऊन तो वजा करता येतो. पण या वजाबाकीत ज्या खड्यातील प्रवाहाचा विझण्याचा वेग मातीच्या संकेताशी नेमका जुळतो, तो खडाही मातीबरोबर नाहीसा होतो. शोधकरी याला ‘भोक’ म्हणतात. ॲडिलेडच्या मिनलॅब कंपनीच्या एसडी २००० या यंत्रात (१९९५, अभिकल्प ब्रूस कँडी) वेगवेगळ्या लांबीचे स्पंद आलटूनपालटून वापरून यावर उपाय शोधला गेला, आणि पूर्वी चाळून झालेल्या जागा पुन्हा सोने देऊ लागल्या. पुढचे जीपीझेड ७००० (२०१५) काटेकोर अर्थाने स्पंद प्रवर्तनात मोडत नाही; पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्याच घरातले.

स्पंद यंत्रांत लोखंड ओळखण्याची सोय असली तरी तिच्यावर विसंबून खड्डा सोडणे धोक्याचे. जुन्या छावण्यांच्या जागी बुटाचे खिळे, डब्यांचे पत्रे व काडतुसे यांचा इतका खच असतो की तिथे व्हीएलएफ यंत्रच बरे. ॲरिझोनातील रिच हिल, क्वार्टझसाइट या जुन्या क्षेत्रांत अनेकजण दोन्ही बाळगतात. एकच घेणे शक्य असेल आणि जमीन लाल असेल, तर स्पंद यंत्राकडे झुकावे. नवशिक्याने मात्र काही दिवस भाड्याचे यंत्र वापरून पाहावे.

वेटोळे : संकेत अंतराबरोबर फार वेगाने क्षीण होतो. वेटोळ्याच्या मानाने खोल असलेल्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले की संकेत सुमारे चौसष्टांश उरतो. म्हणून जाहिरातीतील ‘दुप्पट खोली’ संशयाने वाचावी. मोठे वेटोळे (१४ ते १८ इंच) खोलवरच्या मोठ्या खड्यांसाठी, लहान (८ ते ११ इंच) उथळ व बारीक सोन्यासाठी. एकाच तारेचे ‘मोनो’ वेटोळे अधिक संवेदनशील. ‘डबल-डी’ (इंग्रजी D च्या आकाराची, एकमेकांवर थोडी चढवलेली दोन वेटोळी) वाईट जमिनीत शांत. चाळीस अंशांच्या उन्हात आठ तास हात फिरवायचा असेल, तर वजन हा गुणधर्म इतर सर्वांइतकाच महत्त्वाचा.

नगेटांची उत्पत्ती : निवडीशी निगडित असूनही हा भाग खरेदीमार्गदर्शकांत बहुधा वगळला जातो. लॅटेराइटी आवरणात पाण्यात विरघळलेले सोने पुन्हा साचून नगेट वाढतात, असे मत १९८० च्या दशकात प्रचलित होते. रॉबर्ट हफ, चार्ल्स बट व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नगेटांची अंतर्गत स्फटिकरचना व त्यांतील चांदीचे प्रमाण तपासून ते खोलवरच्या मूळ शिरांतूनच आलेले, झिजून उरलेले अवशेष आहेत, असा निष्कर्ष काढला. फ्रँक राइट यांच्या गटाने २००६ मध्ये सोन्याच्या कणांवर जीवाणूंचे थर दाखवले. पण त्यावरून बारीक कणांपलीकडे फारसे सिद्ध होत नाही. अवशेषवाद अधिक सबळ वाटतो. त्याचा व्यावहारिक अर्थ असा : नगेटांत चांदी असते, अनेकदा गारगोटीही मिसळलेली असते. असे मिश्र, जाळीदार सोने शुद्ध सोन्यापेक्षा कमी वाहक ठरते आणि वजनाच्या मानाने फारच दुबळा संकेत देते. मुठीएवढ्या गारगोटीतले अर्धा तोळा सोने काही स्पंद यंत्रांना ऐकूच येत नाही.

प्रत्यक्ष शोध : यंत्र सुरू असताना कर्णध्वनीत (हेडफोनमध्ये) एक बारीक, एकसुरी गुणगुण ठेवलेली असते. खोल सोने ‘बीप’ करीत नाही. गुणगुण किंचित दबते किंवा वर चढते, एवढेच. मग बुटाने वरचा थर सरकवायचा, वेटोळे पुन्हा फिरवायचे. संकेत त्या सरकवलेल्या मातीबरोबर हलला तर बहुधा गोळी किंवा पत्रा; जागीच राहून वाढला तर कुदळ. कुदळीच्या दांड्याला चुंबक बसवलेले असते, खिळे त्याला येऊन चिकटतात. शेवटी माती प्लास्टिकच्या डावात घेऊन अर्धी टाकायची, उरलेली वेटोळ्यावरून न्यायची, पुन्हा अर्धी. तळहातावर चिमूटभर लाल माती उरते, तिच्यात तो खडा असतो. नवीन मनुष्य वेटोळे फार वेगाने व फार उंचावरून फिरवतो. महागडे यंत्र घेऊनही हाती काही न लागण्याचे हे सर्वांत सामान्य कारण.

मोठे खडे साध्या यंत्रांनाही सापडले आहेत. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात १९७७ मध्ये सुमारे ४.९ किग्रॅ.चा, व मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात १९८९ मध्ये १२.१ किग्रॅ.चा (हजार तोळ्यांहून अधिक) ‘बूट ऑफ कॉर्टेझ’ मिळाला. दुसऱ्यासाठीचे यंत्र साध्या इलेक्ट्रॉनिक दुकानातले होते. १९८० चा २७.२ किग्रॅ.चा ‘हँड ऑफ फेथ’ हाही धातुशोधकानेच मिळाला, पण तो ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला. वाळवंटाच्या यादीत तो चुकीने घातला जातो.

सूदानमध्ये २००९ नंतर, विशेषतः २०११ मध्ये दक्षिण सूदान व त्याबरोबर बहुतेक तेल वेगळे झाल्यावर, अशा यंत्रांचा वापर फार वाढला. नकली यंत्रांचा व्यापारही आफ्रिकेत मोठा आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात शोधासाठी १९७८ च्या खाण अधिनियमाखालील ‘मायनर्स राइट’ हा परवाना लागतो. तो आयुष्यभर चालतो. मात्र दुसऱ्याच्या खाणपट्ट्यावर शिरण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते.