थायरॉइडची गोळी आणि कानाच्या पाळीवरचे डाग

थायरॉइडच्या गोळीने अंगाला खाज सुटली असं कुणी सांगितलं, तर आधी विचारावं, गोळी कोणती? ग्रंथी मंदावलेल्यांना मिळणारी लिव्होथायरॉक्सिन ही शरीरातल्याच संप्रेरकाची प्रत असते. तिची ॲलर्जी फार विरळ, आणि आलीच तर बहुधा गोळीतल्या रंगाची किंवा इतर घटकांची.

ग्रंथी जादा काम करते तेव्हाची औषधं निराळी: कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल आणि प्रोपिलथायोयुरॅसिल, म्हणजे पीटीयू. या गंधकयुक्त औषधांची सुरुवात 1943 साली बोस्टनच्या एडविन ॲस्टवूड यांच्या उपचारांतून झाली. ती घेणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच जणांच्या अंगावर पुरळ किंवा पित्त उठतं. बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच, आणि डॉक्टरांनी दिलेल्या ॲलर्जीच्या गोळीने ते बसतंही.

खरी काळजी वाटते ती क्वचित होणाऱ्या, पण उशिरा उगवणाऱ्या त्रासाची. पीटीयू महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं नीट चालू असतं आणि मग पायांवर, गालांवर, कानाच्या पाळ्यांवर जांभळट डाग येतात. दाबले तरी ते फिके पडत नाहीत, कारण रक्त वाहिनीबाहेर झिरपलेलं असतं. होतं असं की पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकरावर औषधाचा परिणाम होतो आणि शरीर त्याच विकराविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. चवताळलेल्या पांढऱ्या पेशी मग बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाळतात. अशी प्रतिपिंडं बऱ्याच जणांच्या रक्तात सापडतात, आजार मात्र थोड्यांनाच होतो. तो मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत पोचू शकतो, म्हणून त्वचेबरोबर लघवीही तपासायला हवी. औषध इतकं जुनं झालेलं असतं की डागांशी त्याचा संबंध रुग्णाच्या मनातही येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना ही गोळी आवर्जून सांगा.

मग पीटीयू देतातच कशाला? गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल घेतल्यास क्वचित बाळाच्या डोक्यावरचा त्वचेचा तुकडा तयारच होत नाही. त्यामुळे त्या काळात पीटीयूच बरं मानतात.

असे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि यातलं कुठलंही औषध चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर पुढची गोळी न घेता पांढऱ्या पेशींची तपासणी लगेच करून घ्या. त्या एकाएकी घटल्याचं ते लक्षण असू शकतं.