वाळ्याला रोज पाणी लागतं म्हणे!

नागपुरात ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, की वाळा म्हणजे खस घरी लावू नका, त्याला सतत पाणी लागतं. का, तर कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या की दिवसभर ओल्या ठेवाव्या लागतात. अरे पण ती वाळलेली मुळं आहेत ना, ओली केली तरच वास आणि गारवा देणार, त्याचा जिवंत झाडाच्या तहानेशी काय संबंध? नदीकाठी, ओढ्याकाठी उगवतो हे खरंय, पण एकदा रुजला की मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतसुद्धा, म्हणून वरची काळी माती मे महिन्यात भेगाळली तरी तो तग धरतो.

पाणी लागतं ते सुरुवातीला. जुलैत फुटवे लावा, पानं वीतभर ठेवून छाटा, पाऊस दडी मारेल तेव्हा पाणी घाला, पुढचा उन्हाळा आला की अधूनमधून दिलं तरी पुरतं. माझा तर गच्चीच्या पाइपाखाली कडक उन्हात उभाय, पानांची टोकं करपली होती, मला वाटलं गेला, पण मृगाच्या सरीनंतर बुडातून हिरवे कोंब. सावलीत मात्र रडतो. कुंडीतलं गणित वेगळं, तिथे मुळांना खाली जायला जागाच नाही, तिथे पाणी घालावंच लागतं. आणि पानं चुरगाळून वास शोधू नका, तो मुळातच असतो.