रस्त्यावर चालणारे जायरोप्लेन

रस्त्यावर चालणारे जायरोप्लेन : हवेत मोकळ्या फिरणाऱ्या रोटरच्या, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांच्या आधाराने उडणारे आणि जमिनीवर पाती मिटून वाहन म्हणून चालवता येणारे हलके विमान. ऑटोजायरो आणि जायरोकॉप्टर ही याच जातीच्या यंत्रांची प्रचारातली नावे. आजवर झालेले बहुतेक नमुने तीनचाकी आहेत. मोठ्या विमान कंपन्या या प्रकाराच्या वाटेला फारशा गेल्या नाहीत. तो वाढला तो पाच-पंचवीस माणसांच्या कारखान्यांत. अशी एखादी कंपनी एकीकडे हौशी वैमानिकांना जायरोप्लेनची किट, म्हणजे घरी जुळवायच्या सुट्या भागांचे संच विकते आणि दुसरीकडे विजेवर चालणारी तीनचाकीही बनवते. दोन धंदे एकाच छपराखाली येण्याला नळ्या वाकवण्याचे आणि वेल्डिंगचे समान कसब हे एक कारण आहे. त्याहून मोठे कारण कायद्यात आहे.

रोटरचे काम

जायरोप्लेन दुरून हेलिकॉप्टरसारखे दिसते, पण उडताना त्याचे इंजिन रोटर फिरवत नाही. इंजिनाची सगळी ताकद प्रोपेलरला जाते आणि प्रोपेलर यंत्राला पुढे ढकलतो. डोक्यावरचा रोटर किंचित मागे कललेला असतो. समोरून येणारी हवा त्याच्यात खालून वर शिरते आणि पाती आपोआप फिरत राहतात. इंजिन हवेत बंद पडले तरी यंत्र खाली येताना तीच हवा रोटर फिरता ठेवते, त्यामुळे ते दगडासारखे कोसळत नाही. रोटरला इंजिनाचा पीळ बसत नसल्याने हेलिकॉप्टरच्या शेपटीवरचा छोटा रोटर येथे लागत नाही. गिअरबॉक्स आणि पात्यांचा कोन सतत बदलणारी किचकट यंत्रणाही गळते. त्याची किंमत म्हणजे जायरोप्लेनला हवेत एका जागी थांबता येत नाही आणि उड्डाणासाठी थोडी तरी धाव घ्यावी लागते. उतरताना मात्र चांगला वैमानिक ते चार पावलांत उभे करतो.

उड्डाणाची सुरुवात बारकाईने पाहण्यासारखी असते. वैमानिक प्रथम प्री-रोटेटर नावाच्या जोडणीने रोटरला इंजिनाची तात्पुरती ताकद देतो. पाती मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांवर आली की जोडणी सोडतो, रोटरचा कल बदलणारी सुकाणूची दांडी पूर्ण मागे ओढतो आणि ब्रेक सोडतो. वेग वाढतो तसा रोटरचा वेगही चढतो, पुढचे चाक उचलले जाते, यंत्र क्षणभर मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत धावते आणि मग जमीन सुटते. रोटरने पुरेसा वेग घेण्याआधीच घाईने इंजिन वाढवले तर पाती फडफडू लागतात आणि शेपटीवर, प्रोपेलरवर किंवा जमिनीवर आपटतात. नवशिक्यांच्या हातून बरीच जायरोप्लेने अशी धावपट्टीवरच मोडतात.

रस्त्यासाठी हे यंत्र सोयीचे वाटते ते पात्यांमुळे. विमानाचे पंख मिटायचे म्हणजे बिजागऱ्या, कुलुपे आणि वजन आले. छोट्या जायरोप्लेनला बहुधा दोनच पाती असतात आणि ती सी-सॉच्या फळीप्रमाणे मधल्या एका खिळीवर झुलतात. ती लांबीच्या दिशेत वळवून बांधली की रुंदीचा प्रश्न सुटतो. उरतो तो रोटर पेलणाऱ्या उंच खांबाचा, म्हणजे मास्टचा.

पिटकेर्नपासून पुढे

ऑटोजायरोचा जनक स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्वा. त्याचे पहिले यशस्वी उड्डाण जानेवारी १९२३ मधले. अमेरिकेत हेरल्ड पिटकेर्न याने त्याचे हक्क घेतले. एप्रिल १९३१ मध्ये त्याच्या कंपनीचा वैमानिक जेम्स रे याने व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ऑटोजायरो उतरवून दाखवला. पाच वर्षांनी रे याच शहरात पुन्हा उतरला, पण या वेळी त्याच्या हाती रस्त्यावर चालणारे यंत्र होते. अमेरिकी सरकारच्या हवाई वाणिज्य विभागाला सामान्य माणसाला परवडेल असे विमान हवे होते आणि त्यासाठी एसी-३५ हा नमुना बनवून घेण्यात आला होता. २ ऑक्टोबर १९३६ रोजी रे याने ते वॉशिंग्टनच्या मध्यवस्तीतल्या एका बागेत उतरवले, पाती मागे मिटली आणि रस्त्याने वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या मुख्य दारापर्यंत चालवत नेले. इंजिन आसनांच्या मागे होते आणि त्याची ताकद हवी तेव्हा मागच्या एकुलत्या चाकाला देता येत असे. रस्त्यावर ताशी सुमारे ४० किमी. आणि हवेत सुमारे १२० किमी. हा त्याचा वेग. आज हे यंत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या ताब्यात आहे. याच वाटेवरच्या नंतरच्या कल्पनांपैकी पुष्कळशा एसी-३५ मध्ये आधीच दिसतात. इतके जमूनही त्याचे उत्पादन झाले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये राउल हाफनरने थेट जीपवरच रोटर बसवला. रोटाबगी नावाच्या या प्रयोगात १९४३ मध्ये जीपला आधी ट्रकने ओढले, पण पुरेसा वेग मिळेना. मग बेंटली मोटार जुंपली तेव्हा ती उचलली गेली. सैन्याला थेट वाहनेच वाहून नेणारी ग्लायडर मिळाल्यावर हा प्रयोग गुंडाळला गेला. हाफनरचेच दुसरे यंत्र, एका माणसाला हवेतून खाली आणणारे रोटाशूट, पुढे अमेरिकेत इगोर बेन्सनच्या पाहण्यात आले आणि त्यातून किटचा धंदा उभा राहिला.

बेन्सनची कंपनी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली येथे १९५३ मध्ये निघाली. त्याच्या बी-८ एम या नमुन्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या, बोल्ट, एक आसन आणि मुळात सैन्याच्या सरावासाठीच्या वैमानिकरहित लक्ष्यविमानांकरिता बनवलेले मॅककुलॉकचे ७२ अश्वशक्तीचे इंजिन, एवढाच पसारा होता. आराखडे टपालाने मिळत आणि गिऱ्हाईक ते यंत्र घराच्या गॅरेजमध्ये जुळवत असे. असे हजारो आराखडे विकले गेले. कंपनी १९८७ मध्ये बंद झाली, पण छोट्या कारखानदाराने किट विकायची आणि बांधणीचा मोठा भाग गिऱ्हाइकाने करायचा ही रीत टिकली.

कायद्याच्या दोन फटी

अमेरिकेत कारखान्यात तयार झालेले विमान विकायचे तर सहसा नमुन्याचे प्रमाणपत्र लागते. त्यातल्या चाचण्यांचा खर्च छोट्या कंपनीला झेपत नाही. मात्र शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी एखाद्याने विमानाचा मोठा भाग स्वतः बांधला असेल, तर ते ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदवता येते. व्यवहारात याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. त्यामुळे किट विकणारी कंपनी विमान विकतच नाही, ती सुटे भाग विकते. रोटरची पाती, ती जिथे जोडतात तो मधला हब आणि मास्ट यांसारखे जोखमीचे भाग ती स्वतः तयार करून देते. इंजिन बहुधा ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचे असते. बाकी जुळवाजुळव गिऱ्हाइकाची.

मोटारीच्या बाजूलाही अशीच फट आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांत तीन किंवा कमी चाकांवर चालणारे वाहन मोटरसायकल ठरते. मग चारचाकीला लागू असलेले एअरबॅगचे आणि टकरीच्या चाचण्यांचे नियम त्याला लागू होत नाहीत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिका-कॅनडात निघालेल्या छोट्या विद्युत गाड्यांपैकी कितीतरी तीनचाकी का, याचे उत्तर येथे आहे. कॅलिफोर्नियाची कॉर्बिन स्पॅरो, ओरेगॉनची आर्किमोटो, ॲप्टेरा, कॅनडाची इलेक्ट्रामेकॅनिका सोलो ही त्यांतली ठळक नावे. चौथे चाक काढण्यामागे अभियांत्रिकीपेक्षा कागदपत्रांचा विचार जास्त होता, असे म्हणायला हरकत नाही. पण नियमांतून सुटलेली गाडी बाजारातून सुटत नाही. चालताना मोटरची ताकद अचानक जाण्याच्या दोषामुळे सोलोच्या विकलेल्या सगळ्या गाड्या कंपनीने २०२३ मध्ये परत विकत घेतल्या.

टेक्सासमधल्या ऑरोरा गावच्या बटरफ्लाय एअरक्राफ्ट या छोट्या कंपनीने या दोन्ही फटी एकाच यंत्रात वापरल्या. लांब पल्ल्याच्या सस्पेन्शनची, आपटून उतरले तरी धक्का गिळणारी जायरोप्लेनची किट ही तिची ओळख. तिचे सुपर स्काय सायकल हे मिटत्या रोटरचे तीनचाकी यंत्र हवेत प्रायोगिक विमान आणि रस्त्यावर मोटरसायकल म्हणून नोंदवण्यासाठी आखलेले होते.

युरोपात असा आडमार्ग न घेता रीतसर प्रमाणपत्राच्या मागे लागलेली कंपनी म्हणजे नेदरलँड्सची पाल-व्ही. तिचा पहिला नमुना २०१२ मध्ये उडाला आणि विक्रीसाठीची लिबर्टी २०१८ च्या जिनीव्हा प्रदर्शनात मांडली गेली. रोटॅक्सची दोन इंजिने, दोन आसने, पुढे एक आणि मागे दोन चाके. वळणावर केबिन मोटरसायकलप्रमाणे आत झुकते. हे तंत्र कार्व्हर या डच तीनचाकीतून आले. कार्व्हर पुढे विजेवरची गाडी म्हणून नव्याने निघाली, म्हणजे जायरोप्लेन आणि विद्युत तीनचाकी यांचे नाते येथेही सुटत नाही. लिबर्टीला २०२० मध्ये युरोपात रस्त्यावर चालण्याची परवानगी मिळाली. हवाई प्रमाणपत्राचे काम त्याहून कितीतरी लांबलेले आहे. छोटे कारखानदार फटी का शोधतात, ते पाल-व्हीने घालवलेल्या वर्षांवरून कळते.

उंचीचा पेच

रस्ता आणि आकाश यांच्या मागण्या सर्वांत जास्त भांडतात त्या वजन कोठे ठेवायचे यावर. तीनचाकी वळणावर उलटू नये म्हणून वजन जितके खाली तितके बरे. मागे बसवलेला प्रोपेलर मात्र मोठा असतो आणि त्याची टोके जमिनीला लागू नयेत म्हणून त्याचा आस वर न्यावा लागतो. मग प्रोपेलरचा जोर यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वरून जातो आणि नाक खाली दाबू पाहतो. रोटरवर भार असेपर्यंत तो या दाबाला आवरून धरतो. वैमानिकाने दांडी झटकन पुढे सारली किंवा हवेच्या झोतात भार क्षणभर उतरला, तर आवरायला काही उरत नाही. यंत्र पुढच्या बाजूने कोलांटी खाते आणि पाती शेपटीला कापतात. यातून सुटका जवळजवळ नाही.

सुरुवातीच्या पुष्कळ किटांना आडवा स्थिरक, म्हणजे नाक वरखाली होणे आवरणारा शेपटीवरचा आडवा पंख नव्हता आणि या प्रकारच्या अपघातांत अनेक हौशी वैमानिक गेले. कॅनडाच्या आरएएफ २००० या लोकप्रिय किटभोवती यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. ब्रिटनच्या हवाई प्राधिकरणासाठी ग्लासगो विद्यापीठात झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले की जोराची रेषा आणि गुरुत्वमध्य यांतले उभे अंतर निर्णायक आहे. ते दोन इंचांच्या आत ठेवावे अशी शिफारस झाली. दोन इंच हे अंतर रस्त्यावरच्या गाडीच्या दृष्टीने काहीच नाही. बसायच्या जागेखाली बॅटरी किंवा जड चासी बसवली की ते सहज ओलांडले जाते. उडती मोटार म्हटले की लोक पाती मिटण्याची चित्रफीत पाहतात. पाहायला हवा तो हा आकडा.

वीज कोठपर्यंत

विद्युत तीनचाकी बनवणाऱ्या कारखान्याला आपले जायरोप्लेनही विजेवर उडवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हिशेब मात्र आडवा येतो. महिंद्राच्या ट्रिओ रिक्षाची बॅटरी ७.३७ किलोवॉट-तासांची आहे आणि तेवढ्यावर ती प्रवासी घेऊन शंभराहून अधिक किमी. जाते. दोन आसनी जायरोप्लेनला नुसते हवेत राहून पुढे जाण्यासाठी साधारण ५० किलोवॉट लागतात. म्हणजे तीच बॅटरी नऊ मिनिटांत संपेल, आणि उतरण्यासाठीची राखीव वीज धरली तर उड्डाण न केलेलेच बरे. फिरत्या रोटरला हवेचा अडथळा फार असतो. एक मीटर खाली येताना छोटे जायरोप्लेन जेमतेम चार मीटर पुढे सरकते, चांगले ग्लायडर चाळीस. बॅटरीवर उडणाऱ्या यंत्रांत सर्वांत आधी ग्लायडर आणि शिकाऊ विमाने आली, जायरोप्लेन मागे राहिले, ते यामुळे. जमिनीवर चालण्यापुरती वीज वापरणे मात्र व्यवहार्य आहे. चाकातच बसवलेली मोटर असेल तर एसी-३५ मधल्यासारखा इंजिनापासून चाकापर्यंतचा दांडा आणि क्लच लागत नाही.

भारतात

भारतात तीनचाकी हे रोजच्या प्रवासाचे वाहन आहे आणि विजेवरच्या तीनचाकीचा विचार येथे उडत्या गाड्यांशी संबंध न येता झाला. सातारा जिल्ह्यातल्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सायकलरिक्षा सुधारण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून ‘इलेक्शा’ ही विद्युत रिक्षा तयार केली. रस्तोरस्ती दिसणाऱ्या ई-रिक्षा त्यानंतर आल्या, त्याही बऱ्याचशा आयात सुट्या भागांवर आणि आधी नियमांविना. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या बंदीनंतर केंद्राने त्यांच्यासाठी वेगळे नियम केले व ताशी २५ किमी. ही वेगमर्यादा घातली.

जायरोप्लेन भारतात तुरळक आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या पर्यटन विभागाने हरिद्वारच्या बैरागी कॅम्प येथून जायरोकॉप्टरची चाचणी उड्डाणे सुरू केली, ती पर्यटकांना हिमालय दाखवण्यासाठी. मार्च २०२० मध्ये पाल-व्हीने गुजरात सरकारशी तेथे उत्पादन करण्याबाबत सामंजस्य करार केला होता. त्यानंतरही कंपनीचा भर युरोपातल्या प्रमाणपत्राच्या कामावरच राहिला. भारतात असे यंत्र चालवायचे तर त्याला रस्त्यासाठी आरटीओची आणि हवेसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, अशी दुहेरी नोंदणी लागेल, चालकाला वाहन परवान्याबरोबर वैमानिकाचा परवानाही.