भ्रंश खपली धरतो तेव्हा

मे 2008 मध्ये चीनमधल्या वेनचुआन भागात 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी तिथे सुमारे 1,200 मीटर खोल बोअर मारायला घेतली, खडक जिथे सरकले त्या भ्रंशातून, म्हणजे खडकातल्या मोठ्या तड्यातून, आरपार जाणारी. पुढे ते तिच्यातल्या पाण्याची पातळी मोजत बसले.

चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते, आपल्याला जाणवत नाही एवढंच. खडक किंचित दाबला जातो, सैल होतो, आणि बोअरमधलं पाणी वरखाली होतं. खडकात भेगा भरपूर असतील तर पाणी या भरतीबरोबर लगेच हलतं. भेगा बुजल्या की मागे रेंगाळतं. 2010-11 मधल्या सुमारे दीड वर्षाच्या नोंदींत दिसलं, की पाणी झिरपण्याच्या वाटा हळूहळू बंद होत होत्या. मधूनच दूरवर कुठेतरी मोठा भूकंप व्हायचा, त्याच्या लाटा इथवर पोचायच्या आणि वाटा पुन्हा मोकळ्या व्हायच्या. धरलेली खपली निघावी तसं.

कॅलिफोर्नियातल्या लँडर्सलाही हेच झालं होतं. 1992 मध्ये 7.3 तीव्रतेच्या भूकंपाने तिथला भ्रंश फाटला. भुगा झालेल्या खडकातून लाटा सावकाश जातात, म्हणून शास्त्रज्ञ मुद्दाम छोटे स्फोट घडवून लाटांचा वेग तपासत राहिले. वेग वर्षागणिक थोडा थोडा वाढत होता. 1999 मध्ये जवळच्याच हेक्टर माइनचा 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि लँडर्सच्या भ्रंशातला हा वेग पुन्हा घसरला. हादरा दुसऱ्याचा, जखम याची!

जखम भरते कशी? भ्रंशाच्या दोन बाजू सगळीकडे टेकलेल्या नसतात. खरा स्पर्श बारीक उंचवट्यांपुरताच. दाबाखाली ते उंचवटे चपटे होतात आणि स्पर्शाची जागा वाढते. शिवाय गरम पाण्यात विरघळलेली कॅल्साइट आणि क्वार्ट्‌झसारखी खनिजं भेगांत साचून त्या सांधतात. प्रयोगशाळेत दोन बाजूंमधल्या घर्षणाची, म्हणजे पकडीची, चाल ठरावीक दिसते: पहिल्या ते दहाव्या दिवसात जितकी पकड वाढते, तितकीच पुढे वाढायला शंभरावा दिवस उजाडतो. सुरुवातीची घाई, मग नुसतं रेंगाळणं.

‘बरा होणं’ हा शब्द मात्र इथे फसवा आहे. पकड आली की भ्रंश अडकतो, अडकला की ताण साठतो, आणि ताण साठल्याशिवाय मोठा भूकंप होत नाही. कॅलिफोर्नियातल्याच सॅन अँड्रियास भ्रंशाचा मधला पट्टा बघा. तिथल्या खोल बोअरमधून काढलेल्या मऊ, चिकणमातीयुक्त खडकाचे नमुने प्रयोगशाळेत कितीही वेळ दाबून ठेवले तरी त्यांची पकड जवळजवळ वाढलीच नाही. तो पट्टा वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर असा गुपचूप सरकत असतो. मोठे भूकंप होतात ते त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, जिथे भ्रंश घट्ट सांधलेला आहे तिथे.