ओढ्याकाठचा तळ (उंच पर्वतांतील)

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, साधारणपणे २,५०० मी.पेक्षा अधिक उंचीवर, वाहत्या ओढ्यालगत नेमून दिलेल्या जागी तंबू ठोकून केलेला मुक्काम. भारतात असे तळ मुख्यतः हिमाचल प्रदेश व उत्तराखंडातील उद्यानांत आहेत. मे महिन्याच्या सुटीत ठाणे आणि नवी मुंबईतून तिकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळा काढायला जाणारे आईवडीलही आता एखाद्या शनिवार-रविवारी तंबूत झोपून येतात. सह्याद्रीत किल्ल्यावरच्या देवळात किंवा गुहेत रात्र काढलेल्यांना हा मुक्काम आपल्या माहितीतला वाटतो. तसा तो नसतो, आणि फरक ओढ्यापासूनच सुरू होतो.

नाव

ठाणेकराची पहिली अडचण शब्दाची. अमेरिकी उद्यानांच्या नकाशांवर जागोजागी ‘क्रीक’ लिहिलेले असते, आणि ठाण्यात वाढलेल्या माणसाला क्रीक म्हटले की दिसते ती खाडी : खारे पाणी, तिवरे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि हिवाळ्यातले फ्लेमिंगो. ब्रिटिश इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ खाडीच आहे. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तो गोड्या पाण्याच्या लहान प्रवाहाला लावला जाऊ लागला. ठाणे खाडीच्या इंग्रजी नावात जुना अर्थ टिकला, डोंगरातल्या तळांच्या नावांत नवा. मराठीत प्रवाहाच्या आकाराप्रमाणे झरा, ओहोळ, ओढा, नाला असे शब्द आहेत आणि कोकणपट्टीत वहाळ (उलव्याजवळ त्याच नावाचे गावही आहे). गढवालात ‘गाड’ आणि ‘गधेरा’, हिमाचलात ‘नाला’ किंवा ‘खड्ड’ म्हणतात. ओढ्याशेजारच्या गवताळ सपाटीला गढवालात बुग्याल, कुलूकडे थाच. वाटाड्याशी बोलताना हे शब्द ठाऊक असलेले बरे, कारण नकाशावर नसलेली जागासुद्धा तो यांच्यातच सांगतो.

उंचीचा प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई समुद्रसपाटीला आहेत. ठाण्यालगतच्या येऊरच्या मागे पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला सर्वोच्च माथा, जांभूळमाळ, ४६८ मी.चा. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मी. विरळ हवेचा त्रास बहुधा २,५०० मी.च्या पुढे सुरू होतो. म्हणजे उंचीची सवय करून घेता येईल अशी एकही जागा महाराष्ट्रात नाही. मामा-भांजे डोंगर, पारसिकची टेकडी, खारघरची टेकडी यांवर सॅक पाठीला मारून केलेला सराव पायांना उपयोगी पडतो. घोडबंदर रोडच्या टोलेजंग इमारतींत पहाटे जिने चढणारी मंडळीही आहेत, आणि रखवालदार त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात हे वेगळे सांगायला नको. हे सगळे करावेच. पण दम टिकणे वेगळे आणि शरीराने कमी प्राणवायूवर काम चालवायला शिकणे वेगळे. दुसऱ्याला फक्त दिवस लागतात.

३,५०० मी.वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. डोके दुखणे, भूक मरणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. झोपेत श्वास काही क्षण थांबून मग एकदम जोरात सुरू होतो आणि माणूस दचकून जागा होतो. ही त्या उंचीवर सर्रास दिसणारी गोष्ट आहे. मात्र तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याचा तो इशारा असतो. त्यावर खात्रीचा उपाय एकच : रात्र असो वा दिवस, खाली उतरणे. ३,००० मी.नंतर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मी.पेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. उंचीच्या त्रासावरची ॲसिटाझोलामाइडची गोळी (बाजारात डायमॉक्स) मित्राने सांगितली म्हणून न घेता डॉक्टरांना विचारून घ्यावी. सल्फा औषधांचे वावडे असणाऱ्यांनी तर नक्कीच.

ओढ्याचे वागणे

सह्याद्रीतला ओढा पावसावर चालतो. येऊरचे ओढे आषाढ-श्रावणात दुथडी भरतात, दिवाळीनंतर आटू लागतात आणि शिमग्याला त्यांच्या पात्रात नुसते धोंडे उरतात. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात माणसे वाहून गेली आहेत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा वर डोंगरात पडलेली, खाली न दिसलेली सर. म्हणून इथला जाणता माणूस ओढ्याकाठी बसताना आभाळाकडे बघतो.

बर्फावर जगणारा हिमालयातला ओढा मे-जूनमध्ये निरभ्र आभाळाखाली वाढतो. सकाळी ऊन चढू लागले की वरचे बर्फ वितळू लागते, पण ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो. दुपारनंतर प्रवाह फुगू लागतो, संध्याकाळी सर्वाधिक असतो. हिमनदी दूर असेल तर ही भर त्याहूनही उशिरा, काळोख पडल्यावर येते. रात्री वर पुन्हा गोठते आणि पहाटे ओढा सर्वांत रोड होतो. याचे दोन व्यावहारिक परिणाम आहेत. एक, पूल नसलेला प्रवाह ओलांडायचा तो सकाळी लवकर. वाटाडे पहाटे चारला उठवतात ते यासाठी, हौसेने नव्हे. दुसरा अधिक महत्त्वाचा : दुपारी तीनला तळावर पोचलेल्या माणसाला ओढा पूर्ण भरलेला दिसलेला नसतो. काठावरची वाळूची मऊ सपाट जागा त्याला तंबूसाठीच केल्यासारखी वाटते. ती पाण्याने केलेली असते आणि पाणी तिथे परत येते.

जागा पारखण्याच्या खुणा जमिनीवरच असतात. झुडपांत अडकलेल्या काटक्या आणि वाळके गवत मागच्या पुराची रेघ दाखवतात. ज्या धोंड्यांवर दगडफूल धरलेले नाही ते अलीकडे पाण्याखाली होते किंवा वरून घरंगळत आले. रात्री पाण्याच्या एकसुरी आवाजात गडगडाट मिसळला तर पात्रातले गोटे हलू लागले आहेत असे समजावे. पाणी अचानक गढूळ झाले तर वर काहीतरी घसरले आहे. पाणी अचानक कमी झाले तर ते त्याहून वाईट, कारण दरड कोसळून प्रवाह अडला असण्याची शक्यता असते आणि तो बांध फुटल्यावर सगळे एकदम खाली येते. अशा वेळी सामान गोळा करत बसू नये.

जीवाची भीती नसली तरी काठाला चिकटून झोपणे शहाणपणाचे नाही. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून घरंगळते आणि ओढ्याच्या खोलगटात साठते. काठापासून दहा-वीस मीटर वर चढून तंबू लावला तर थंडीतला फरक अंगाला कळतो. पाण्याजवळ दमटपणा अधिक, त्यामुळे श्वासाची वाफ तंबूच्या आतल्या कापडावर धरते आणि पहाटे स्लीपिंग बॅगवर थेंब गळतात. नवखे याला ‘तंबू गळतो’ म्हणतात आणि खिडक्या आणखी घट्ट लावून घेतात. उपाय उलटा आहे : झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात. दिवसा वारा दरीतून वर चढतो आणि रात्री वरून खाली उतरतो, म्हणून तंबूचे दार दरीच्या माथ्याकडे नसावे. पाण्याच्या आवाजाचेही दोन पक्ष आहेत. काहींना त्यात गाढ झोप लागते. काहींना ती लागत नाही, आणि त्यांची तक्रार खरी असते. शेजारच्या तंबूतून मारलेली हाकसुद्धा त्या आवाजात बुडते, म्हणून तब्येत नरम असलेल्याला एकट्याला झोपवू नये. शिट्टी उशाशी ठेवावी.

पाणी आणि चूल

ओढ्याचे पाणी काचेसारखे दिसते आणि त्याच्या वरच्या अंगाला बहुधा कुणीतरी मेंढ्या चारत असतो. जिआर्डिया हा आतड्यांत शिरणारा परजीवी अशाच पाण्यातून येतो. २,००० मी.च्या वर पाणी खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटे उकळत ठेवावे. कारण दर ३०० मी.ला उत्कलनबिंदू साधारण १° से.ने उतरतो आणि ३,५०० मी.वर पाणी सुमारे ८८° से.लाच उकळते. चहाचे याने फारसे बिघडत नाही, तूरडाळीचे बिघडते. उघड्या पातेल्यात ती तासन्तास टणक राहते आणि गॅस मात्र संपतो. प्रेशर कुकर नेण्याची पद्धत म्हणूनच पडली. कुकर नसेल तर मुगाची खिचडी, मेतकूट-भात, भाजणीचे थालीपीठ किंवा उकडपेंडी. भाजणी आधीच भाजलेली असल्याने ती उंचीवर हुकमी ठरते, हे आपल्या स्वयंपाकघराचे सुदैव. गॅसचे डबे रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाहीत, पायथ्याच्या गावात घ्यावे लागतात. निव्वळ ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास मंदावतो, कारण त्या तापमानाला ब्यूटेनचा वायू होईनासा होतो. सकाळच्या चहासाठी डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात, तो यासाठी.

भांडी आणि तोंड ओढ्यात धुऊ नये. पाणी भरून घेऊन प्रवाहापासून सुमारे ६० मी. दूर जावे. शौचासाठीही तेच अंतर, आणि १५ ते २० सेंमी. खोल खड्डा करून माती लोटावी. टिशू पेपर आणि सॅनिटरी पॅड पिशवीत बांधून परत आणावेत. तळापलीकडच्या दगडांमागे डोकावून पाहिले की हा नियम किती जण पाळतात ते समजते. थंडीत कुजण्याची क्रिया फार संथ असते, आणि मागच्या वर्षीचे पाहुणे तिथे अजून हजर असतात.

काही तळ आणि त्यांचे नियम

हिमाचलच्या कुलू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान (७५४.४ चौ. किमी., अंतिम अधिसूचना १९९९, जागतिक वारसा २०१४) यात आत गाडीरस्ता नाही. वनखात्याचा परवाना काढून स्थानिक वाटाड्याबरोबर पायी जायचे आणि ठरलेल्या जागीच मुक्काम करायचा. तीर्थन नदीकाठचा रोला हा पहिला तळ दोन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे या नोंदीच्या व्याख्येच्या खाली. उंचीची सवय करण्यासाठी तो म्हणूनच सोयीचा पडतो. पुढचे थाच ३,००० मी.च्या वर आहेत. या थाचांवर आसपासच्या गावांची मेंढरे चरत आणि बायामाणसे गुच्छीसारखी अळंबी गोळा करीत. अधिसूचनेबरोबर ते हक्क संपले. आज तिथे वाटाड्या आणि आचारी म्हणून येणाऱ्यांपैकी अनेक जण त्याच गावांतले असतात. ठाण्याहून गेलेल्याने त्यांच्याशी मजुरीची घासाघीस करताना हे आठवावे.

उत्तरकाशी जिल्ह्यातील गोविंद राष्ट्रीय उद्यानात हर की दून हे सुमारे ३,५०० मी.वरचे खोरे आहे. तिथून स्वर्गारोहिणीचे शिखर दिसते. युधिष्ठिर याच वाटेने सदेह स्वर्गाला गेला, अशी लोकश्रद्धा आहे. चमोली जिल्ह्यातील फुलांची दरी या राष्ट्रीय उद्यानात (८७.५ चौ. किमी.) पुष्पावती नदी वाहते, पण तिच्या काठी कुणालाच रात्र काढता येत नाही. सकाळी घांघरियाहून आत जायचे आणि संध्याकाळपूर्वी परतायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने राज्यातील बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. मराठी मंडळींचा लाडका रूपकुंडचा ट्रेक त्यानंतर थांबला. पुष्कळांनी नाके मुरडली, परंतु एकाच गवतावर हंगामभर तंबू उभे राहिले की खालचे गवत पिवळे पडून मरते, हे बंदीपूर्वी तिथे गेलेल्या कुणालाही दिसत होते.

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १८९०) ट्वालमी मेडोज हा सुमारे २,६०० मी. उंचीवरचा नदीकाठचा तळ आहे. तिथे गाडी तंबूजवळ उभी करता येते, मेज आणि शेकोटीचे कडे असते, पण जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. बर्फामुळे हिवाळ्यात तिकडचा रस्ता बंद असतो. काळ्या अस्वलांमुळे खाण्याच्या सर्व वस्तू लोखंडी पेटीत कुलूपबंद करणे सक्तीचे आहे, आणि सर्व वस्तूंत टूथपेस्ट, साबण व खोबरेल तेलही येते. पुण्याहून आणलेली बाकरवडी रात्री गाडीच्या डिकीत ठेवलेली चालत नाही.

येऊर

ठाणेकरांच्या अगदी दाराशी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात ओढेही आहेत. पण येऊरच्या बाजूने आत शिरून ओढ्याकाठी तंबू ठोकण्याची मुभा नाही, आणि बिबट्यांच्या त्या जंगलात ती नसावी हेच बरे. येऊरला रात्री ऐकू येणारा गलका ढाब्यांचा असतो. पाण्याकाठी रात्र काढण्याचा एकच रीतसर प्रसंग म्हणजे वैशाख पौर्णिमेची पाणवठ्यांवरील प्राणिगणना. वनखात्याबरोबर स्वयंसेवक चांदण्यात मचाणावर बसून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. तिथे तंबू नसतो, चूल नसते आणि बोलायचेही नसते.

परतल्यानंतर

हिमालयातून मंडळी परततात तेव्हा ठाण्यात मृगाचा पाऊस तोंडावर असतो. पहाटे दवाने भिजलेला तंबू तसाच गुंडाळून आणलेला असतो. तो माळ्यावर टाकला तर दोन आठवड्यांत काळे ठिपके धरतात आणि शिवणींवरची जलरोधक पट्टी सुटू लागते. म्हणून घरी पोचल्याच्या दिवशीच, सॅक रिकामी करण्याआधी, तंबू दिवाणखान्यात दोऱ्यांवर टाकून पंखा लावतात. झटकताना त्यातून देवदाराच्या सुया आणि ओढ्याची वाळू लादीवर पडते.