पाइपांची गोदामातील साठवण

लांब धातूच्या नळ्या न वाकता, न घरंगळता आणि थोडक्या जागेत ठेवण्याची पद्धत. नागपुरात इतवारीतल्या लोहा ओळीपासून हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर येथील औद्योगिक वसाहतींपर्यंत आणि कोराडी व खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या भांडारांपर्यंत हा माल साठवला जातो. पाण्याच्या व बांधकामाच्या पाइपचा बाजारातला नग साधारणपणे ६ मीटरचा, म्हणजे बोलीत वीस फुटी. आयएस १२३९ या भारतीय मानकात ४ ते ७ मीटर लांबी चालते. याच मानकाप्रमाणे हलक्या पाइपवर पिवळा, मध्यमवर निळा आणि जाडवर लाल पट्टा असतो. रचताना पट्ट्याचे टोक वाटेकडे ठेवावे, नाहीतर जाडी मोजायला दर वेळी कॅलिपर काढावा लागतो.

वजन आणि बंडल : रॅक घेण्याआधी वजन काढावे. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करावी, उरलेल्या आकड्याला जाडीने आणि मग ०.०२४६६ ने गुणावे. मापे मिलिमीटरमध्ये घेतली की पोलादी पाइपचे मीटरमागे किलो मिळतात. दोन इंची मध्यम पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ आणि जाडी ३.६, म्हणजे मीटरला ५.०३ किलो व नगाला ३० किलोच्या आसपास. एवढे वजन एका माणसाला पेलते, पण वीस फूट लांबी सांभाळत नाही. म्हणून दोघे जण दोन टोकांना लागतात आणि दोघेही पाइप एकाच बाजूच्या खांद्यावर घेतात. टाकायची वेळ आली तर पाइप एकाच बाजूला पडावा आणि कोणाच्या मानेवर येऊ नये, हे त्यामागचे कारण.

कारखान्यातून येणारे बंडल बहुधा षटकोनी असते. ६१ नगांच्या बंडलात ओळी ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५ अशा बसतात. दोन इंचीचे असे बंडल सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद, ४८ सेंटिमीटर उंच आणि १,८४० किलोंचे भरते. बांधलेल्या पट्ट्या शाबूत असेपर्यंत बंडल हा जणू एकच जाड दांडा असतो. पट्ट्या कापल्या की तेच ६१ स्वतंत्र चाके होतात.

जमिनीवरची थप्पी : सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक अपघातांची पद्धत हीच. खाली लाकडी ओंडके, दोन्ही कडांना ओंडक्यावर ठोकलेल्या पाचरी आणि वर निमुळती होत जाणारी रचना. गोल वस्तू एकमेकींवर ठेवल्या की खालच्या बाहेर ढकलल्या जातात. खाली दोन आणि वर एक अशा तीनच पाइपांच्या त्रिकोणातही घर्षण सोडले तर वरच्या पाइपच्या वजनाचा सुमारे २९ टक्के भाग खालच्या प्रत्येक पाइपला आडवा रेटतो. तो रेटा पाचर धरते, म्हणून सुटी सरकवलेली वीट ही पाचर नव्हे. थप्पीच्या मध्यातून नग उपसण्याची सवयही सोडायला हवी. माल नेहमी वरून काढावा. थरांमधली लाकडे खालच्या ओंडक्यांच्या बरोबर वर, एका ओळंब्यात असावीत. ती इकडेतिकडे गेली की खालच्या पाइपांवर मधोमध भार येतो आणि ते केळ्यासारखे वाकतात. पातळ नळ्या तर चेपून लंबगोल होतात. मग त्यांवर जोडणीचे सॉकेट बसत नाही आणि भंगाराचा भाव घ्यावा लागतो.

कॅन्टिलिव्हर रॅक : उभे खांब, त्यांतून पुढे आलेले हात, खांबांना जोडणारे तिरपे ताण आणि तळाचे पाय, एवढेच याचे भाग. हाताच्या टोकाला वर वळलेली खुंटी हवीच. समोर खांब नसल्याने लांब माल सरळ आत जातो. ६ मीटर मालाला २-२ मीटरवर तीन हात द्यावेत, म्हणजे दोन्हीकडे १-१ मीटर टोक बाहेर राहते. वर सांगितलेले बंडल तीन हातांवर समान बसले तर प्रत्येकी ६१४ किलो येतात. पण ताठ बंडल थोड्या वरखाली असलेल्या हातांवर दोनच ठिकाणी टेकते. म्हणून हाताची क्षमता दोघांत विभागून, म्हणजे ९२० किलोंवर धरावी. जड माल खालच्या हातांवर, हलका वर. दोन्हीकडे हात असलेल्या दुहेरी रॅकच्या दोन्ही बाजू बरोबरीने भराव्यात.

जागेचा खरा हिशोब वाटेत आहे, आणि तोच बहुतेकांचा चुकतो. साधी फोर्कलिफ्ट ६ मीटरचा पाइप आडवा धरून चालते, त्यामुळे तिला सुमारे ७ मीटरची वाट लागते. दोन्हीकडे ६०-६० सेंटिमीटरचे हात धरले तर १.२ मीटर मालासाठी ८.२ मीटर जागा जाते. साइड लोडर किंवा चारही दिशांना चालणारा रीच ट्रक पाइप वाटेच्या समांतर नेतो. त्याची वाट २.५ मीटरच्या आसपास, म्हणजे तोच माल ३.७ मीटरमध्ये मावतो. ओव्हरहेड क्रेन असेल तर वाट माणसापुरती पुरते. मात्र क्रेनचा हूक वरून येतो आणि खालच्या हातांवरचा माल वरच्या हातांखाली झाकलेला असतो. म्हणून क्रेनसाठी बाहेर सरकणारे हात किंवा एकावर एक बसणारे यू आकाराचे पाळणे घ्यावेत. सुट्या विक्रीला आणि कटपीसला खणाखणांची उभी रॅक सोयीची. तिथे प्रत्येक खणाला वरून साखळी आणि डोक्यावर विजेची तार नाही, या दोन अटी पाळाव्यात.

जमीन आणि हवा : हिंगणा-बुटीबोरीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून रॅक उभारली तर दोन पावसाळ्यांत खांब ओळंब्याबाहेर जाऊ शकतात. काळी माती काढून मुरूम दाबून भरावा आणि खांबांखाली वेगळा काँक्रीटचा पाया घ्यावा. ओळंबा दर पावसाळ्यानंतर तपासावा. उघड्या यार्डात ओंडक्यांऐवजी काँक्रीटचे ठोकळे टिकतात, कारण लाकूड एका बाजूने चिखलात रुतते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा उन्हातला पाइप हातमोज्यांशिवाय धरवत नाही, म्हणून चढउतार सकाळीच उरकावी. लांबी मात्र फारशी बदलत नाही : ३० अंशांच्या फरकाने ६ मीटर पाइप जेमतेम २ मिलिमीटर वाढतो. त्रास पावसाळ्यात होतो. जस्ताचा मुलामा दिलेले जी.आय. पाइप ओले असताना घट्ट चिकटून राहिले की त्यांवर पांढरा गंज धरतो. हे टाळायला एक टोक ५ सेंटिमीटर उंच ठेवून पाणी निथळू द्यावे आणि थरांत कोरड्या पट्ट्या घालून हवा खेळती ठेवावी. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढली की आतच दमट हवा कोंडते. स्टेनलेस नळ्यांना साध्या लोखंडाचा स्पर्श नको. लोखंडाचे कण रुतून गंजाचे ठिपके पडतात, म्हणून हातांवर रबर किंवा नायलॉनची पट्टी लावतात.

बॉयलरच्या नळ्यांत वेगळीच जोखीम असते. साधी पोलादी, सव्वादोन टक्के क्रोमियमची टी२२ आणि नऊ टक्क्यांची टी९१ या नळ्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. चुकीची नळी बसली तर ती तापमानाला टिकत नाही आणि वीज केंद्राचा चालू संच बंद पडतो. प्रत्येक दर्जाला स्वतंत्र खण आणि रंग द्यावा. कापलेल्या तुकड्यावर हीट नंबर (पोलादाच्या घाणीचा क्रमांक) पुन्हा लिहिल्याशिवाय तो परत ठेवू नये.

उचलणे आणि सोडणे : उचलण्याचे दोन पट्टे (स्लिंग) टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर, म्हणजे ६ मीटरला १.३ मीटरवर बांधावेत. सुट्या पाइपांना दुहेरी फेऱ्याचा फास हवा. फासात पट्ट्याची क्षमता साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. दोन पट्ट्यांमधला कोन १२० अंश झाला तर प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो, म्हणून शक्य तिथे पट्टे दूर ठेवणारा आडवा दांडा, म्हणजे स्प्रेडर बीम, वापरावा. हायड्राने, म्हणजे छोट्या फिरत्या क्रेनने, नेताना टोकाला दोर बांधून तो लांबून धरावा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने क्रेन, साखळ्या व पट्ट्यांची वर्षातून किमान एक तपासणी घालून दिली होती. गोदामात मात्र पट्टा दर वेळी नजरेखालून घातला जावा.

बंडलाची पट्टी छिन्नीने तोडू नये, कात्रीनेच कापावी. त्याआधी दोन्ही कडांना पाचर आहे का ते पाहावे. कापणाऱ्याने टोकाच्या बाजूला उभे राहावे, घरंगळण्याच्या दिशेला नव्हे.

टोपणे ही शेवटची आणि नेहमी विसरली जाणारी वस्तू. उघड्या टोकातून कुंभारीण माशी आत मातीचे घर करते आणि बारीक नळी आतून बुजते. हे जोडणीनंतर पाणी अडल्यावरच कळते. यार्डातल्या मोठ्या पाइपांत पावसाळ्यात साप शिरतात, म्हणून हात घालण्याआधी पाइप ठोकून पाहतात.